रॉक अँड रोलचा राजा म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. घरातली तरुण मंडळी म्हणतील, आजोबांचा आणि रॉक अँड रोलचा संबंध काय? संबंध एवढाच, की गणित सोडवणाऱ्याची शाबासकी ते फळ्यावर सुंदर अक्षरात उतरवणाऱ्याला द्यायची नाही, हा नियम मी वर्गात जन्मभर पाळला.

रॉक अँड रोल म्हटलं की एल्व्हिस प्रेस्ली. गोष्ट सुरू होते १९५४ पासून, त्याच्या पहिल्या रेकॉर्डपासून. साफ चूक!

सिस्टर रोझेटा थार्प हे नाव किती जणांनी ऐकलं आहे? जन्म १९१५, आर्कन्सामधलं कॉटन प्लांट. आई चर्चमध्ये गाणारी, प्रवचन करणारी. मुलीच्या हातात लहानपणापासून गिटार. १९३८ मध्ये डेक्का कंपनीने तिच्या रेकॉर्ड काढल्या. देवाची गाणी ती नाइटक्लबातही गायची, म्हणून चर्चवाले रागावले. तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ १९४५ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पण कुठल्या यादीत? कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डसाठी ठेवलेल्या वेगळ्या यादीत. खरी मेख इथेच आहे. आधी पंगत वेगळी मांडायची आणि मग म्हणायचं, ही आमच्या पंगतीत दिसली नाही बुवा!

काही जण म्हणतात, ती तर भक्तिगीतं गाणारी. अहो, शब्द देवाचे असतील, पण ती गिटार ऐका! लिटल रिचर्ड चौदा वर्षांचा असताना, १९४७ मध्ये, तिनेच त्याला स्टेजवर गायला बोलावलं. लहानपणची आवडती गायिका म्हणून जॉनी कॅश तिचंच नाव घेत असे.

दुसरा मुद्दा, एल्व्हिसने हे संगीत जगभर पोचवलं. मान्य. त्याच्या गळ्याशी माझं भांडण नाहीच. पण पोचवणं वेगळं आणि घडवणं वेगळं. टपाल आणणाऱ्याला पत्राचा लेखक म्हणत नाहीत.

ती १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारली. कबरीवर साधा दगडही नव्हता. २००८ मध्ये मदतीचा कार्यक्रम झाला, तेव्हा कुठे दगड बसवायची सोय झाली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एल्व्हिसला १९८६ मध्ये, पहिल्याच तुकडीत घेतलं. हिला २०१८ मध्ये. बत्तीस वर्षं उशिरा!

असो. पुढच्या वेळी कुणी ‘राजा’ म्हणालं की भांडू नका. एवढंच विचारा, १९४५ साली तुमचे महाराज कितवीत होते?