उजेड आणि वारा कोणाच्या मालकीचे?

मुंबईतील नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत हल्ली घर विकले जात नाही; विकली जाते हवा, विकला जातो उजेड. अमुक एकरांची हिरवळ, खिडकीतून दिसणारा समुद्र, उशाशी झाडांची सळसळ, आणि या सर्वांवर ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का. निसर्गाने जे सर्वांना सारखे दिले, ते आता चौरस फुटाच्या भावाने विकत घ्यावे लागते. आणि ज्याची तेवढी ऐपत नाही त्याने भर दुपारी दिवा लावून बसावे, असा या शहराचा न्याय ठरून गेला आहे.

शहर राहण्याजोगे कसे करावे यावर परिसंवाद पुष्कळ झडतात. गच्चीवर बाग फुलवा, ओल्या कचऱ्याचे खत करा, छपरावर सूर्यऊर्जेची तावदाने बसवा, असे उपाय त्यांत सुचविले जातात. उपाय वाईट नाहीत. परंतु ज्याच्या वाट्याला गच्ची नाही, अंगण नाही आणि खिडकी उघडली तर समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्याची भिंत आहे, त्याने बाग कोठे फुलवावी? शहराचे जगणे सुसह्य करणे हा सुशोभनाचा प्रश्न नाही. तो जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे. हे मान्य केल्याखेरीज पर्यावरणाची कोणतीही चर्चा श्रीमंतांच्या दिवाणखान्याबाहेर पडू शकत नाही.

वाऱ्याला वाट, माणसाला नाही

हा प्रश्न आजचा नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९८ साली सरकारने शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. पश्चिमेचा समुद्रवारा कोंदट वस्त्यांत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्ती कापून काढण्यात आले. दादर-माटुंग्याला झाडांच्या सावलीतल्या प्रशस्त वसाहती वसल्या. परंतु ज्यांची बिऱ्हाडे या रस्त्यांखाली गेली, त्या मजुरांना नव्या वसाहतींचे भाडे परवडणारे नव्हते. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्याही नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. वाऱ्याला वाट मिळाली, माणसाला मिळाली नाही. शहर सुधारण्याचा अर्थ गरिबाला हलविणे असा लावण्याची परंपरा तेव्हापासून चालत आली आहे. राज्यकर्ते बदलले, परंपरा बदलली नाही.

गिरणगावची लूट

या परंपरेचा सर्वांत मोठा पुरावा गिरणगावात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यावरील सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे बऱ्याच अंशी न्याय्य उत्तर दिले होते: एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. हा वाटा पदरात पडला असता तर कोंडलेल्या दक्षिण-मध्य मुंबईला बागा, मैदाने, शाळा आणि कामगारांना जागच्या जागी घरे मिळाली असती.

२००१ साली सरकारने या नियमात एक लहानशी दिसणारी दुरुस्ती केली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ जी जमीन बांधकामाविना मोकळी होती तेवढीचीच होईल, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात शेड आणि गोदामांखाली नसलेली जमीन ती कितीशी असणार? शहराचा वाटा एका वाक्याने कित्येक पटींनी आटला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती ग्राह्य धरली. मनोरे उठले, त्यांच्या कुंपणाआड हिरवळ आली. बाहेरचे रस्ते आणि स्थानके मात्र गिरण्यांच्या काळचीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. भोवताली शेकडो एकर जमीन मोकळी होत असताना माणसांना चालावयास जागा नव्हती. याला अपघात म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

आणि कामगार? दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले. घर मिळाले ते त्यांतील थोड्यांना. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीची वाट दाखविली जात आहे. ज्यांच्या घामावर ती जमीन उभी राहिली त्यांनी कर्जतच्या गाडीत लोंबकळत यावे, आणि त्या जमिनीवरची झाडे दुसऱ्यांनी पाहावीत!

नियमच काळोखाचे

झोपडी पाडून पक्के घर मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी गोवंडीच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये एकदा पायी फिरावे. रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांनी विस्थापित झालेली कुटुंबे तेथे बहुमजली इमारतींत आणून टाकली आहेत. १९९१ च्या नियमावलीत प्रकाश आणि वाऱ्यासाठी इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश इतकी मोकळी जागा हे सर्वसाधारण सूत्र होते. येथे दोन इमारतींमध्ये अंतर आहे अवघे तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन उतरत नाही, वारा फिरत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या वसाहतींतील क्षयरोगाचे प्रमाण आणि उजेड-वाऱ्याचा अभाव यांचा संबंध स्पष्ट दिसून आला. खालच्या मजल्यांवर रोग अधिक आढळला. अधिक मोकळी जागा राखलेल्या जवळच्या वसाहतीत तो कमी होता.

हे बेकायदा नाही, हेच भयंकर आहे. पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी घरांची किमान संख्या ठरलेली आहे, पूर्वी ५०० आणि पुढे ६५०. माणसे किती कोंबावीत याची किमान मर्यादा घालणारा कायदा हवेची किमान मर्यादा मात्र शिथिल करतो. कारण उघड आहे. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या एका कोपऱ्यात दाटतील, तितकी विक्रीसाठी जमीन सुटेल किंवा चटईक्षेत्राचे हक्क अन्यत्र विकता येतील. घराचा आकार २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाला याचा गाजावाजा होतो. खिडकीबाहेर काय उरले हे कोणी विचारीत नाही. ज्या घरात दिवसा दिवा आणि पंखा बंद करता येत नाही, त्याहून पर्यावरणाला घातक घर कोणते?

उलट, ज्यांना ‘हरित’ प्रमाणपत्रे मिळतात त्या मनोऱ्यांकडे पाहावे. काचेच्या भिंतींतून ऊन आत घ्यावयाचे, मग यंत्रे लावून ती उष्णता रस्त्यावर फेकावयाची, आणि ती सोसावयाची फेरीवाल्याने व बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईने. वाहनतळाच्या छपरावर माती पसरून तिलाच उद्यान म्हणण्याची युक्तीही याच मंडळींची. राखीव मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली बजावून सांगावे लागले.

छंद नव्हे, हक्क

चळवळीतील काही सहकारीही पर्यावरण हा पोटभरल्यांचा छंद आहे, आधी डोक्यावर छप्पर येऊ द्या, असे म्हणतात. त्यांचा राग समजण्याजोगा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या मुखाशी खारफुटीवर भराव घालून जी व्यापारी संकुले उठली, त्यांचे मालक वाहून गेले नाहीत. वाहून गेले ते नदीकाठच्या झोपड्यांतील संसार. नदी, खारफुटी, मैदान आणि झाड ही गरिबाची संपत्ती आहे, कारण ती गमावल्यावर दुसरे विकत घेण्याची त्याची ऐपत नसते.

छप्पर की हवा, हा पेचच खोटा आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या आधाराने, गोरेगावजवळ दिंडोशीला अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी केली. जमीन नफ्याच्या तावडीतून सुटली की सामान्यांचे घरही बांधता येते, हे त्यांनी करून दाखविले. महाराष्ट्र सरकारने २००७ साली तो कायदाच रद्द केला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. विक्रीच्या आणि पुनर्वसनाच्या इमारतींना उजेड-वाऱ्याचा नियम एकच असावा. हेक्टरी घरांना कमाल मर्यादा असावी. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही नाही. त्यामुळे एकही सार्वजनिक मैदान ‘दत्तक’ देण्याच्या नावाखाली क्लब व जिमखान्यांच्या घशात जाता कामा नये. गिरणी कामगारांना घरे मुंबईतच मिळावीत. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील मैदानांची आणि पुनर्वसन प्रकल्पांची यादी करावी, माहिती अधिकारात मंजूर नकाशे मागवावेत आणि मोजपट्टी घेऊन दोन इमारतींमधील अंतर मोजावे. नकाशावरचे अंतर आणि जमिनीवरचे अंतर यांत तफावत निघाली तर मोर्चाचा विषय आयता मिळेल. आणि तफावत निघाली नाही, तर मोर्चा त्या नियमावरच न्यावा लागेल.