दार लावून दोन तास



मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणी लोणावळ्याला योगशिबिराला गेल्या. मलाही जायचं होतं. पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीडच महिना झाला होता आणि लेकीची परीक्षा तोंडावर आली होती. इकडे माझी मान आखडलेली, झोप उडालेली, आणि घरात ज्याच्या-त्याच्यावर खेकसणं चालू. शेवटी म्हटलं, शिबिर घरीच करू.

तसं बडोदेकरांना योगासाठी लांब जायची गरज नाहीच! लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद जन्मले ते आपल्या शेजारच्या डभोईत, १८८३ साली. व्यायामाचे धडे त्यांनी बडोद्यात माणिकरावांकडे घेतले आणि योग शिकले नर्मदाकाठच्या मालसरला, माधवदासजींकडे.

शनिवार-रविवार ठरवला. मागची खोली रिकामी केली, सतरंजी अंथरली, फोन बंद करून गव्हाच्या डब्यावर ठेवला. सकाळी सहा ते आठ, उपाशीपोटी. आधी सांधे मोकळे करायचे, मग ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, अनुलोम-विलोम आणि शेवटी दहा मिनिटं शवासन. प्राणायामात श्वास रोखायचा नाही. ते शिकवणाऱ्यासमोरच करावं. दुपारी मुगाची खिचडी नि ताक. जेवणानंतर चार तास आसनं नाहीत. संध्याकाळी नुसतं शांत बसायचं.

कागदावर सगळं छान होतं. शनिवारी सव्वासहाला दारावर टकटक. "अगं, चहाची साखर कुठे?" साडेसहाला इस्त्रीवाला. सातला लेकीची वही. मी प्रत्येक वेळी उठले आणि साडेसातला सतरंजी गुंडाळून रडले.

रात्री लक्षात आलं, चूक माझीच होती. मी घरात कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. दार लावून घेतलं होतं, पण वेळ मागितला नव्हता. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, "उद्या सहा ते आठ मला हाक मारू नका. मला बरं वाटत नाहीये, आणि मला बरं व्हायचंय." नवरा म्हणाला, "चहा मी करतो." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

रविवारी आठला दार उघडलं, तर त्या बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या! इस्त्रीवाल्याला त्यांनीच परत पाठवलं होतं. म्हणाल्या, "मला कधी सुचलंच नाही गं, असं दार लावून घ्यायचं."

मान अजून दुखते. दोन दिवसांत काही चमत्कार झाला नाही. पण आता दर रविवारी खोलीत एक सतरंजी आणि एक खुर्ची असते. खुर्चीवर बसून आई डॉक्टरांनी सांगितलेले पायांचे व्यायाम करतात. दार आतून लावायचं काम त्यांचं.

तुम्हीही करून बघा. सतरंजी नंतर आणा, आधी घरच्यांकडे वेळ मागा. आणि हो, साखरेच्या डब्यावर नाव लिहून ठेवा!