भोजनातील मात्रा



धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत आपल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ असते. दीक्षाभूमीहून परतलेली मंडळी, माहेरी आलेल्या लेकी, पुण्या-मुंबईहून आलेली पोरे. आज एकाकडे मटण, उद्या दुसऱ्याकडे गुलाबजाम, आणि चहाबरोबर चिवडा, शंकरपाळे. कामाला मात्र सुट्टी. मोंढ्यात पोती उचलणाऱ्याला चार भाकरी जिरतात. तोच घरी बसून तेवढेच, वर तळलेले-गोड खाऊ लागला, की जमा वाढते, खर्च घटतो. शिल्लक पोटावर दिसते.

आपल्याकडे अंग भरले म्हणजे बरे चालले, असे समजतात. ते साहजिक आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने सुकडीवर दिवस काढले. भूक पाहिलेली आई आग्रहाने वाढते ती मायेपोटी. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे १९ टक्के स्त्रिया हाडकुळ्या, तर २४ टक्के स्थूल किंवा जादा वजनाच्या आढळल्या. म्हणजे उपाशी राहणेही नको आणि अतिही नको.

तथागतांनी हेच सांगितले. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोण या मोठ्या मापाचा भात खाऊन, धापा टाकत तो श्रावस्तीत भगवंतांकडे आला. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले, त्यासाठी दररोज १०० कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा एक नाळी भातावर, म्हणजे बऱ्याच लहान मापावर आला. अंग हलके झाले.

राजाने उपास धरला नाही, हे ध्यानात घ्यावे. एकट्याच्या निश्चयावरही तो विसंबला नाही. आठवण देणारा माणूस जवळ ठेवला. आपल्या घरी हे काम शाळेत जाणारी मुलगी फुकट करील!

एवढे करून पाहा. आधी वरण-भाजी, कांदा-काकडी, मग ज्वारीची भाकरी. गोड एकदाच, थोडे. पाहुण्याने "पुरे" म्हटले की हात आवरावा. उरलेले वाया जाऊ नये म्हणून घरातल्या बाईनेच ते संपवावे, ही रीत सोडावी. स्वयंपाकच बेताचा करावा आणि तिनेही सर्वांबरोबर ताटावर बसावे. संध्याकाळी सहकुटुंब अर्धा तास चालावे. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी; शिंप्याच्या टेपने मोजता येते. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा, गोळी मनाने बंद करू नये.

पाहुणचार पातेल्याच्या आकारावर ठरत नाही. पाहुणा हलक्या पोटाने, हसत गावी गेला, तरी तो झालाच.