रात्रीच्या कॅमेऱ्यात चोर दिसतो, चेहरा दिसत नाही. मेगापिक्सेल मोजताना गावाकडे नेमकं काय सुटतंय?

वस्तीवर चोरी झाली की आता पहिला प्रश्न एकच असतो, कॅमेरा आहे का? बऱ्याच ठिकाणी उत्तर 'आहे' असंच येतं. मग सगळे डीव्हीआरभोवती गोळा होतात. रात्री दोन-अडीचच्या सुमारास अंगणात दोन आकृत्या येतात, गोठ्याकडे जातात आणि पाच मिनिटांत निघून जातात. माणसं आहेत हे कळतं, पण कोण आहेत ते कळत नाही. तोंडाच्या जागी पांढरा ठिपका असतो, गाडीच्या नंबरच्या जागी नुसता उजेड. कॅमेऱ्याला आणि तो बसवायला गेलेले पैसे कामाच्या वेळी वाया गेलेले असतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत ग्रामीण भागात कॅमेऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, त्याला कारणंही तशीच आहेत. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर दौंड, बारामती, शिरूर, इंदापूर या तालुक्यांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोकांची झोप उडवली होती. गावोगावी तरुण पोरं राखणीला बसली होती. ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती आहेच. विहिरीवरची मोटार, केबल, ट्रॅक्टरची बॅटरी, शेळ्या आणि सोयाबीनची पोती यांच्या चोऱ्याही नव्या नाहीत. त्यामुळे शेतात एकटं घर असलेला माणूस कॅमेरा घेतोच. मात्र तो घेताना दुकानात दिवसाचं चित्र बघतो आणि रात्रीची गरज विसरतो.

३० मीटर म्हणजे काय?

खोक्यावर लिहिलेलं असतं, 'नाईट व्हिजन ३० मीटर'. याचा अर्थ कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड दिवा तेवढ्या लांब पोहोचतो. तिथला चेहरा ओळखू येईल असा त्याचा अर्थ होत नाही.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी चित्रात एका मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. आधीपासून ओळखीचा माणूस असेल तर त्याच्या निम्मे पुरतात. नेहमीच्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदीची जागा आली की अनोळखी चेहरा ओळखणं अवघड. ३.६ मिलिमीटरच्या लेन्सने एवढी रुंदी साडेचार-पाच मीटर अंतरावरच भरते. सहा मिलिमीटरची लेन्स असेल तर हेच अंतर आठ मीटरच्या आसपास जातं, पण बाजूची जागा कमी दिसते. हा हिशेबही चांगल्या उजेडातला आहे. अंधारात अंतर आणखी कमी होतं.

म्हणून एकाच कॅमेऱ्यात अंगण, गोठा, विहीर आणि रस्ता बसवायचा हट्ट महागात पडतो. सगळं दिसतं आणि काहीच ओळखू येत नाही. कॅमेरे दोनच घ्यायचे असतील तर एक उंचावरून सगळं अंगण दाखवणारा आणि दुसरा फाटकावर किंवा दारावर, जिथून माणसाला जावंच लागतं अशा जागी, चार-पाच मीटरवरून चेहरा टिपणारा असावा. हा दुसरा कॅमेरा आठ-नऊ फुटांवरच लावावा. पत्र्याच्या वळचणीला पंधरा फुटांवर लावला तर त्यात टोपी आणि डोक्याचा माथा एवढंच येतं.

मेगापिक्सेल वाढले की रात्र उजळत नाही

रात्रीचा सगळा खेळ उजेडाचा आहे. पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्सच्या आसपास असतं आणि अमावास्येला तेही नसतं. त्यात कॅमेऱ्याला हाती येईल तेवढा उजेड गोळा करायचा असतो. एवढ्याशा सेन्सरवर पाच किंवा आठ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि चित्रात मुंग्या दिसतात.

दुकानात त्यामुळे मेगापिक्सेलच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, सेन्सरचं माप. ते अपूर्णांकात लिहितात आणि खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. १/२.८ पेक्षा १/१.८ मोठा. दुसरी गोष्ट लेन्सचा एफ आकडा. तो जितका कमी तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ २.० च्या तुलनेत एफ १.० ची लेन्स चौपट उजेड आत घेते. आठ मेगापिक्सेलच्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा मोठा सेन्सर आणि कमी एफ आकडा असलेला चार मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्री बऱ्याचदा जास्त कामाचा ठरतो.

हालचालीचाही प्रश्न आहे. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग शटर उघडं राहिलं तर साध्या चालीने जाणारा माणूस तेवढ्यात पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चेहरा पुसट होतो. दुकानातल्या टीव्हीवर स्थिर चित्र झकास दिसतं. चोर मात्र स्थिर उभा राहत नाही.

काळं-पांढरं की रंगीत?

इन्फ्रारेडवर चालणारा कॅमेरा रात्री काळं-पांढरं चित्र देतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे असतील तर समोरून बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची पोहोच कमी पडते. या चित्रात कपड्यांचा रंग फसवतो. काळा शर्टसुद्धा इन्फ्रारेडमध्ये राखाडी किंवा पांढरट दिसू शकतो. असं फुटेज पाहून 'चोर पांढऱ्या शर्टात होता' असं पोलिसांना ठामपणे सांगणं धोक्याचं आहे, कारण शोध भलत्याच दिशेला जाईल. गाडीची नंबर प्लेटही उजेड सरळ परत फेकते आणि चित्रात ती पांढरी पट्टी होऊन बसते.

रंगीत नाईट व्हिजनच्या कॅमेऱ्यात पांढरा दिवा असतो. काहींत दोन्ही सोयी असतात. एरवी तो इन्फ्रारेडवर चालतो आणि माणूस आला की पांढरा दिवा लागतो. एकट्या वस्तीवर हा प्रकार उपयोगाचा, कारण दिवा लागला की येणारा दचकतो आणि चित्रही रंगीत मिळतं. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि काचेसमोरचं जाळं रात्री दोरखंडासारखं चमकतं. कॅमेरा भिंतीला किंवा नव्या पत्र्याला फार चिकटून असेल तर इन्फ्रारेड तिथूनच परत येतो आणि पुढचं सगळं काळं पडतं. जाळ्यावरचा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा फडकं मारणं.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र कॅमेऱ्यात नाही. फाटकावर नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब रोज दहा तास चालू ठेवला तर महिन्याला तीन युनिटच्या आतच वीज लागते. तो बल्ब कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला हवा, समोर नको. साधा कॅमेराही मग बराच सुधारतो.

लाईट गेली की कॅमेरा गेला

गावाकडच्या रात्रीचं दुसरं दुखणं म्हणजे वीज. लाईट गेली की राउटर बंद, डीव्हीआर बंद आणि चोराला मैदान मोकळं. घरात इन्व्हर्टर असेल तर कॅमेरा आणि राउटर त्यावरच घ्यावेत. नसेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी लावता येते. कॅमेरा आणि राउटर मिळून पंधरा वॅट धरले तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी चार-साडेचार तास टिकते. रात्रभराच्या भारनियमनाला ती पुरत नाही, हे आधीच धरून चालावं.

विहिरीवर किंवा कांदा चाळीवर सोलरचा सिमकार्डवाला कॅमेरा सोयीचा वाटतो. पण बॅटरी वाचवण्यासाठी असे बरेचसे कॅमेरे सतत रेकॉर्ड करत नाहीत. हालचाल झाली की ते जागे होतात आणि त्यात पहिले एक-दोन सेकंद निघून जातात. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ राहिलं तर बॅटरी बसते. रिचार्ज संपला तर मोबाईलवर काहीच येत नाही.

डेटाचं गणितही मांडून बघावं. दोन एमबीपीएसने चित्र येत असेल तर तासाला सुमारे ९०० एमबी लागतात. रोजचा दीड जीबीचा पॅक पावणेदोन तासांत संपतो. रेकॉर्डिंगला दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम तीन दिवस मावतात. लग्नाला परगावी गेलेलं कुटुंब पाचव्या दिवशी परतलं तर पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. शिवाय कार्ड कॅमेऱ्यातच असल्याने चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही गेला. डीव्हीआर असेल तर तो टीव्हीखाली न ठेवता आतल्या खोलीत, कुलपात ठेवावा.

पुरावा कोर्टात टिकला पाहिजे

फुटेज मिळालं की ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. तिथे व्हिडिओचा दर्जा घसरतो आणि मूळ रेकॉर्डिंग मात्र चार दिवसांत पुसून जातं. डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्राचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका वादातून आला आहे. जालना विधानसभेच्या उमेदवारी अर्जांच्या व्हिडिओवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की, मूळ यंत्र कोर्टात हजर न करता नक्कल दिली तर सोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची अट आहे.

घरमालकाने त्यासाठी तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ. डीव्हीआरची तारीख आणि वेळ बरोबर ठेवावी. घटना घडली की त्यावर नवं रेकॉर्डिंग होऊ देऊ नये. व्हिडिओ कापून-जोडून न देता पोलिसांना मूळ यंत्रच दाखवावं. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे हेही पाहावं लागतं. शेजाऱ्याची न्हाणी किंवा मागचं दार चित्रात येत असेल तर भावकीत भांडण ठरलेलं. खासगी क्षणी स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

कॅमेऱ्यातून आपलंच घर दुसऱ्या कोणी बघू नये म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणीची अट आणली. तिची अंमलबजावणी एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. खरेदी करताना खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, पक्कं बिल घ्यावं आणि कॅमेरा बसवणाऱ्याने टाकलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

पैसे देण्याआधी एक रात्र

यावर साधी कसोटी आहे. कॅमेरा बसवून झाला की सगळे पैसे लगेच देऊ नयेत. रात्री दहानंतर घरातले दिवे बंद करावेत. शेजारच्या एखाद्या पोराला फाटकातून दारापर्यंत नेहमीच्या चालीने यायला सांगावं. मग लाईव्ह चित्र नको, रेकॉर्डिंग उघडावं आणि ज्याला हे माहीत नाही अशा माणसाला ते दाखवून विचारावं, हा कोण?

त्याने नाव सांगितलं तर कॅमेरा बरोबर बसला. 'कोणीतरी आहे' असं म्हणाला तर कॅमेरा खाली आणा, जवळ आणा किंवा एक बल्ब लावा. कोणीतरी आहे एवढं तर दारातलं कुत्रंही सांगतं.