नाव नको, बॅग तपासा!

नरडाण्याहून रेल्वेने वा एसटीने मुंबई गाठणारी आमची पोरे आता विमानानेही जाऊ लागली आहेत. पहिल्यांदा निघालेल्याला आम्ही सांगतो, दारातच ओळखपत्र मागतील, घाबरू नको. पण या ओळखपत्राने विमान सुरक्षित होते काय?

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवणारे १९ जण आपापल्या नावाच्या तिकिटांवर, ओळखपत्रे दाखवूनच चढले. लहान पात्याचा चाकू नेण्यास तेव्हा मुभा होती. घात तेथे झाला. २६/११ च्या कसाबजवळ हैदराबादच्या कॉलेजचे, हिंदू नावाचे खोटे ओळखपत्र होते. १९८५ साली 'कनिष्क' विमानात ३२९ माणसे मेली. बॉम्बची बॅग चढली, बॅगवाला चढलाच नाही. तेथे बॅग आणि प्रवासी यांची जुळणी हवी होती, आडनावाची चौकशी नव्हे.

फरारी गुन्हेगार नावावरून सापडतो, हे मान्य. पण तो पोलिसांचा शोध झाला. स्फोटके एक्स-रे यंत्रात आणि झडतीत सापडतात, आधार कार्डावर नाही.

आता डिजियात्रा आली. डिसेंबर २०२२ पासून चेहरा हेच ओळखपत्र! रांग भराभर सरकेल; पण रांग सरकणे म्हणजे सुरक्षा नव्हे.

'लपवायचे काही नसेल तर भीती कसली?' असे आम्हाला विचारले जाते. विचारणाऱ्यांनी बडोदा आठवावे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तेथे कोणी जागा देईना. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख फुटताच लोक काठ्या घेऊन दारात आले. बाबासाहेबांच्या हातात शस्त्र नव्हते, पुस्तके होती. त्यांचा 'गुन्हा' फक्त ओळखीचा होता! या देशात नाव विचारणे म्हणजे बहुधा जात विचारणेच असते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क विमानतळाच्या दारात संपत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, बॅग उघडून दाखवा, झडती द्या, नियमाने लागते ते ओळखपत्रही दाखवा. डिजियात्रा ऐच्छिक आहे. नको असेल तर ठाम नाही म्हणा. आणि कोणी 'कुठल्या समाजाचे?' म्हणून विचारलेच, तर एकच उत्तर द्या : भारताचे नागरिक.

जयभीम!