पानिपतची थंडी



गव्हाला रात्रीचे पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला थंडी काय असते ते कोणी सांगायला नको. वीज रात्रीची, पाय चिखलात, आणि बांधावर पऱ्हाट्या पेटवल्याशिवाय हाताची बोटे वळत नाहीत. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा सदरच्या पक्क्या घरांतले लोकसुद्धा हुडहुडले होते. शिवारात जागलीला बसलेल्यांचे काय झाले असेल ते ज्याचे त्याने ओळखावे.

तरी आपल्याला एक आधार असतो. घर जवळ असते. गोठ्यात कुटार असते, आवारात तुराट्यांचा भारा असतो, कणगीत ज्वारी आणि खाटेवर आजीने शिवलेली गोधडी असते. एवढे सगळे काढून घेतले आणि माणसाला बायकापोरांसह उघड्या माळावर अडीच महिने बसवले, तर काय होईल? आपल्याच लाखभर लोकांवर ही पाळी आली होती. पानिपतावर.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. लढणाऱ्यांच्या मागे असलेल्या माणसांबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. फौजेबरोबर बुणगे होते, म्हणजे मोतद्दार, पाणके, लोहार, वाणी, बैलवाले. सरदारांच्या बायका आणि त्यांच्या दासी होत्या. शिवाय फौजेच्या आधाराने मथुरा, कुरुक्षेत्र, काशी घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू होते. ही न लढणारी माणसेच लढणाऱ्यांहून जास्त होती.

हे सारे लोक पटदुराहून निघाले मार्च १७६० मध्ये, गुढीपाडवा तोंडावर असताना. उन्हाळ्याच्या तोंडी घर सोडणारा माणूस घोंगड्यांचे ओझे कशाला वाहील? दसरा कुंजपुऱ्याला झाला. तिथे अब्दालीचे धान्याचे कोठार हाती आले, म्हणून त्या दिवसांत पोटाला होते. तेवढ्यात अहमदशहा अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो आपल्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद झाली. भाऊने पानिपत गावाभोवती खंदक खणला. त्या साली दिवाळी आली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. ती त्या खंदकातच गेली.

तिकडचा हिवाळा आपल्यासारखा नाही. आजही पानिपत भागात जानेवारीच्या रात्री पारा सहा-सात अंशांवर असतो, आणि धुके असे की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. अफगाण लोकांना याचे काही वाटत नव्हते. त्यांच्या मुलखात याहून कडक थंडी. पोस्तीन, म्हणजे आतून लोकर असलेला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, हा तिथला नेहमीचा वेश. आपल्या माणसाच्या अंगावर सुती बाराबंदी आणि धोतर.

ढोरे पाळणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. थंडीत जनावराला चारा जास्त लागतो, कारण खाल्लेल्यातले बरेचसे अंग ऊब धरण्यातच जाते. माणसाचेही तसेच आहे. ज्या दिवसांत दोन भाकरी जास्त हव्यात, त्याच दिवसांत छावणीत धान्य संपत आले. घोड्यांना ना चंदी ना वैरण. आधी घोडे आणि बैल खंगले, मग माणसे. दुआबातून रसद मिळवण्याची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. ते डिसेंबरात मारले गेले, आणि तो दोरही तुटला.

पण मला सगळ्यांत जास्त लागते ती सरपणाची गोष्ट. ती काशीराजाने लिहून ठेवली आहे. हा नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या बाजूचा, आणि त्याने ही हकीकत फारसीत १७८० मध्ये लिहिली. तो सांगतो की एका रात्री छावणीतले वीस हजार बुणगे लाकूड गोळा करायला खंदकाबाहेर दूर जंगलात गेले. शहापसंदखानाचे पाच हजार स्वार गस्तीवर होते. त्यांनी चहूबाजूंनी घेरून सगळ्यांना कापून काढले. सकाळी प्रेतांचा डोंगर पाहायला खुद्द अब्दाली आला. वीस हजारांचा आकडा फुगवलेला असेल. जुने लेखक आकड्यांत हात सैल सोडतात. निम्मा धरा, पाव धरा. शत्रू फिरतो आहे हे ठाऊक असून लोक रात्री लाकडासाठी बाहेर पडले, एवढे पुरे आहे. चूल आणि शेकोटी दोन्ही विझल्यावर भीती उरत नाही. यांच्यातल्या एकाचेही नाव कोणत्या बखरीत नाही.

त्या काळी थंडीने गांजलेले आपणच एकटे नव्हतो. युरोपात तर सोळाव्या शतकापासून तीनशे वर्षे फार कडक हिवाळे पडले. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठली आणि तिच्यावर बाजार भरला. ती झाली श्रीमंतांची मौज. १७०९ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये गव्हाचे पीक जमिनीतच मेले, तेव्हा खेड्यापाड्यांत लोक उपाशी मेले. ज्यांनी थंडी ओसरल्यावर त्याच रानात जव पेरले, त्यांच्या पदरात थोडे दाणे पडले.

पानिपतावर पेरायला रान नव्हते. १३ जानेवारीला सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले की दोन दिवस पोटात अन्न नाही, असे कुढत मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले.

थंडी मात्र संपली नाही. अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात होता, आणि त्या चांदण्यात पाठलाग चालू राहिला. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे, आई आणि बायकोला घेऊन तीर्थयात्रेसाठी आलेले. ओळख पटू नये म्हणून त्यांनी घोडा सोडला, अंगावरचे कपडे टाकले आणि त्या पौषातल्या रात्री पायी चालू लागले. त्यांची बायको वाचली, आई परत आली नाही. पळणाऱ्या इतरांना वाटेतल्या गावकऱ्यांनीही लुटले.

जे कसेबसे भरतपूरच्या मुलखात पोचले त्यांना राजा सूरजमल जाटाने आणि राणी किशोरीने आसरा दिला. लढाईआधी भाऊंशी बिनसून हा राजा निघून गेला होता, तरी त्याने मागचे काढले नाही. आलेल्यांना जेवू घातले, जखमींना औषधपाणी केले, अंगावर घालायला कापड दिले, वाटखर्ची दिली, आणि मग ग्वाल्हेरच्या वाटेला लावले.