मुखाचा वारसा कपबशीवर?

मंडळी, आल्फोन्स मुखाचं कौतुक म्हणजे काय, तर त्याच्या मोकळ्या केसांच्या सुंदऱ्या कपांवर अन् कॅलेंडरांवर! मला नाही पटत. १८९५ साली सारा बर्नहार्टच्या 'गिस्मोंदा' नाटकाच्या पोस्टरने पॅरिसात त्याचं नाव झालं, हे खरं. पण पुढे त्याने स्लाव लोकांच्या इतिहासावर २० भव्य चित्रं रंगवली आणि १९२८ साली प्राग शहराला दिली. अट एकच, त्यांच्यासाठी इमारत बांधा. १९३९ साली गेस्टापोच्या चौकशीनंतर काही महिन्यांतच तो गेला, तोवर इमारत नव्हतीच. १९६३पासून कित्येक दशकं चित्रं मोराव्हस्की क्रुमलोव्हच्या जुन्या वाड्यात राहिली. कप खुशाल घ्या हो! पण दिलेल्या देणगीची अट पाळणं, यालाच मी गौरव म्हणते. तुम्हाला काय वाटतं?